दौलतभाऊंचं ‘नाही’

अतिरेक्यांविरुद्धचा तो कडक कायदा विधानसभेत मंजूर झाला, तेव्हा अख्खं सभागृह ‘होय, होय’ करत बाकं बडवत होतं आणि एकच माणूस छाती काढून ‘नाही’ म्हणाला, अशी कुजबूज डिलाईल रोडवर कित्येक वर्षं होती. तो माणूस म्हणजे आपल्याच चाळीचे दौलतभाऊ चिंदरकर. म्हणे अध्यक्ष दचकले, मुख्यमंत्र्यांनी मान वळवून ‘हा कोण?’ म्हणून विचारलं, आणि पंख्यावर बसलेली कबुतरं फडफडत उडाली. विधानसभेत पंखे नाहीत, थंडगार एसी आहे, आणि कबुतरांना पास मिळत नाही, हे सांगणारी माणसं चाळीत होती. पण कबुतरं काढली तर गोष्टीतली मजा जाते, म्हणून ती कुणी काढली नाहीत.

पुढच्या निवडणुकीत भाऊंना तिकीट मिळालं नाही. झालं! गोष्टीवर शिक्काच बसला. ‘‘नाही म्हणाले ना, त्याची शिक्षा,’’ असं न्हाव्याच्या दुकानात, दूध केंद्रावर आणि संडासाच्या रांगेत एकाच आठवड्यात ठरून गेलं.

दौलतभाऊ मूळचे मालवणकडचे, गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला. शंभर साचे एकावेळी खडखडत असतात तिथे माणसाला दोनच गोष्टी येतात, ओरडणं आणि ओठ वाचणं. भाऊंना ओरडणं जास्त आलं. गिरणी बंद पडली, साचे भंगारात गेले, पण आवाज घरी आला. रमाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते मीठ मागायचे तेव्हा समोरच्या चाळीतून कुणीतरी मीठ घेऊन यायचं, असा एक जुना विनोद आहे. रमाबाई अजूनही तो ऐकून हसत नाहीत.

अशा माणसाला आमदारकी मिळाली ती अपघाताने. त्या वर्षी पक्षातल्या दोन बड्या माणसांची तिकिटावरून जुंपली आणि दोघांनाही न खुपणारा तिसरा हवा होता. भाऊ कुणालाच खुपत नव्हते. नळाला पाणी आलं नाही की वॉर्ड ऑफिसात जाऊन ओरडायचे, एवढीच त्यांची कमाई. वारं पक्षाच्या बाजूचं होतं, भाऊ निवडून आले. आमदार झाल्यावरही सकाळी बादली घेऊन रांगेत उभे राहायचे. लोक बाजूला व्हायचे, ‘‘जाऊ द्या हो भाऊंना पुढे, सभागृहात जायचंय त्यांना.’’ पाच वर्षांत त्यांनी सभागृहात एकच लक्षवेधी सूचना मांडली, तीही चाळींच्या संडासांच्या दुरुस्तीची. मंत्र्यांनी ‘तपासून पाहू’ असं उत्तर दिलं. अजून तपासतायत.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. भाऊंचे गुडघे गेले. दुपारी ते चाळीच्या गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि समोर उभे राहिलेले काचेचे टॉवर बघतात. पंधरा ऑगस्टला मंडळ झेंड्याची दोरी त्यांच्या हातात देतं. सूत्रसंचालन करणारा पोरगा दरवर्षी म्हणतो, ‘‘ज्यांनी सत्तेसमोर नाही म्हणण्याची हिंमत दाखवली...’’ भाऊ दोरी ओढतात. झेंडा फडकतो, फुलं पडतात, पेढा मिळतो. घरी आल्यावर रमाबाई म्हणतात, ‘‘हिंमतवाले, येताना दूध आणलास?’’

अशाच एका दुपारी मालन आली. मालन म्हणजे चौथ्या खोलीतली. तिचा नवरा भाऊंच्याच शेजारच्या साच्यावर होता, तो वारला. एकच मुलगा, हितेंद्र. रे रोडच्या लाकडाच्या वखारींतून टेम्पो चालवायचा. प्लायवूड, चौकटी, खोकी, ज्याने सांगितलं त्याचं. एका माणसाची खोकी त्याने दोनदा नेली. पुढे तो माणूस पकडला गेला, खोक्यांत भलतंच काही होतं म्हणाले, आणि त्याच्या फोनमध्ये हितेंद्रचा नंबर निघाला. हितेंद्रला घेऊन गेले. लावला तोच कायदा. दोन गणपती येऊन गेले, पोरगा आत. खटला अजून उभाच नाही.

मालन दारातच टेकली. पिशवी खाली ठेवली नाही.

‘‘जामीन दिल्यानी नाय, भावोजी.’’

‘‘परत?’’

‘‘जज्ज म्हणालो, माझेच हात ह्या कायद्यान बांधलेले आसत. बाई, घरी जावा.’’ तिने पदराने मान पुसली. ‘‘चांगलो होतो तसो. बाई म्हणालो माका.’’

रमाबाईंनी काही न विचारता चहाचं आधण ठेवलं. भाऊ गुडघा चोळत बसले.

‘‘आमची वकीलीण सांगता, गिरगावात सभा घेवया,’’ मालन म्हणाली. ‘‘असले कितके झील आत आसत, त्यांच्या आयशी येतले. पण नुसत्या आयशींका कोण इचारता? पेपरवाले येवक होये. म्हणान तुमी बोला. तुमी त्या दिसा नाय म्हटलास, तांच सांगा. तेवढ्यान खूप होतला.’’

‘‘बघूया गे. माझो गुडघो...’’

‘‘बोलाक गुडघो लागना नाय,’’ आतून रमाबाई म्हणाल्या.

मालन पहिल्यांदाच जराशी हसली. ‘‘आयतवारी सभा. त्याच्या आधी एकदा वकीलणीकडे जावया, ती तुमका सगळा समजावन सांगतली. माका कायद्यातलां काय कळता?’’

ती गेल्यावर भाऊंनी चहा बशीत ओतला आणि बशी तशीच धरून बसले. रमाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना बरंच ठाऊक होतं. ज्या दिवशी तो कायदा झाला त्या संध्याकाळी भाऊ घरी आले होते, तेव्हा त्यांनीच विचारलं होतं, ‘‘काय झाला आज?’’

‘‘एक कायदो झालो.’’

‘‘कसलो?’’

‘‘वाचूचो आसा अजून.’’

ती छापील प्रत पुढे रमाबाईंनी मसाल्याच्या डब्याखाली घातली. ती वाचायची राहिली ती राहिलीच.

वकीलीण म्हणजे अनुजा. गिरगावातल्या एका वाडीत तिचं घर. घराणं जुनं मुंबईकर, पूर्वजांनी इंग्रजांच्या कचेऱ्यांत कारकुनी केली, वाडीतली दोन घरं बांधली, त्यातलं एक विकून पुढच्या पिढ्यांना शिकवलं. आता घरात वकीलच वकील. अनुजा चाळिशीची, बोलणं स्वच्छ, पण डोळ्यांखाली अशी काळजी साठलेली की तिलाच कुणीतरी जामीन द्यावा. तिने भाऊंना गादीच्या खुर्चीवर बसवलं, मालन बाजूला टेकली.

‘‘काका, तुम्ही आलात, बरं वाटलं. मी मालनकाकींना हे तीनदा सांगितलंय, पण तुम्ही सभागृहात होतात, तुम्हाला पटकन कळेल. एरवी खटला लांबला की जामीन मिळतो. या कायद्यात ते दार बंद केलंय. खटला वर्षभरात सुरू झाला नाही, तरी न्यायाधीशाला काही करता येत नाही.’’

‘‘होय,’’ भाऊ म्हणाले.

‘‘वाईट याचं वाटतं, की ते दार उघडं ठेवायची सूचना सभागृहात आली होती. विरोधी बाकांवरच्या एका ज्येष्ठ वकिलांनी दुरुस्ती मांडली होती. खटला वर्षभरात उभा राहिला नाही, तर जामिनाचा नेहमीचा नियम लागू व्हावा. एवढीच. ती मान्य झाली असती, तर हितेंद्र गेल्या दिवाळीला घरी आला असता. आवाजी मतदानात फेटाळली गेली. तुम्हाला आठवत असेल.’’

भाऊंना आठवत होतं. त्यांना ते म्हातारे वकील आठवले, नागपूरकडचे, बारीक आवाजाचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेले. बाकी त्या दिवसाचं काय आठवायचं? अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. निम्म्या आमदारांच्या बॅगा भरून गाडीत होत्या. त्याआधी थोडेच दिवस शहरात स्फोट झाले होते, लोक चिडलेले होते, आणि सरकारला काहीतरी करून दाखवायचं होतं. विधेयक सकाळी आलं, कागद अजून छापखान्यातला वास मारत होता. कुणी म्हणालं, संयुक्त समितीकडे पाठवा, चार महिने नीट वाचू. त्यावर सत्ताधारी बाकांवरून आरडाओरड झाली, ‘‘तोवर अतिरेकी थांबणार आहेत का?’’ मग बडे बडे बोलले. एकाने रक्ताचं वर्णन केलं, एकाने शिवरायांचं नाव घेतलं, एकाने दोन्ही केलं. विरोधक बोलले तेही आधी ‘आम्हीही दहशतवादाच्या विरोधातच आहोत’ असं म्हणून, मगच ‘परंतु’वर आले. त्या परंतुपर्यंत कुणाचं लक्ष राहिलं नव्हतं.

भाऊ मागच्या बाकावर. मागच्या बाकांवरच्या मंडळींची काम करायची एक पद्धत असते, आणि ती कुठल्याही नियमाच्या पुस्तकात नाही. त्यांच्या पक्षाचे प्रतोद, म्हणजे आमदारांना हजर ठेवणारा आणि मतं सांभाळणारा माणूस, पुढच्या रांगेत कडेला बसायचे. सकाळीच त्यांनी सांगून ठेवलं होतं, ‘‘बाहेर जायचं नाही, चहा इथे येणार नाही, लघवीला जोडीने जायचं नाही. माझ्या हाताकडे बघा. हात वर गेला की होय. हात असा हलला की नाही. बाकी डोक्याला ताप करून घेऊ नका.’’

डोक्याला ताप कुणी करून घेतला नाही. दुपार कलली तेव्हा चर्चा संपली आणि कलमांचा सपाटा सुरू झाला. अध्यक्षांच्या खुर्चीतला माणूस मान वर न करता वाचत होता, ‘‘प्रश्न असा आहे की, खंड दोन ते सहा विधेयकाचा भाग व्हावेत. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.’’ हात वर. होय. ‘‘होयचे बहुमत. खंड दोन ते सहा विधेयकाचा भाग झाले.’’ पुढचे खंड. हात वर. होय. त्या झोकात माणसाला झोप लागते. साच्याच्या खडखडाटातही लागायची तशी. मग त्या म्हाताऱ्या वकिलांची दुरुस्ती आली. ते काहीतरी बोलले, बारीक, ते मागे पोचलं नाही. अध्यक्ष म्हणाले, ‘‘दुरुस्तीला अनुकूल असतील त्यांनी...’’ समोरून थोडेसे होय आले. ‘‘प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.’’ प्रतोदांचा हात हलला.

भाऊ दचकून जागे झाले आणि ‘‘नाही!’’ म्हणाले. सगळी सत्ताधारी बाकंच म्हणाली. पण साचाखात्यातला आवाज, त्यात झोपेतून उठलेला. बाकीचे सगळे आवाज त्याच्याखाली दबून गेले.

आणि नेमकं तेव्हाच वर प्रेक्षक गॅलरीत चाळीचं भजनी मंडळ बसलेलं होतं. आपला आमदार बघायचा म्हणून भाऊंकडूनच पास घेऊन आलेलं. सुरक्षावाल्यांनी त्यांच्या तंबाखूच्या पिशव्या खाली काढून घेतल्या होत्या, पायावर पाय टाकायचा नाही म्हणून दटावलं होतं, आणि एका तुकडीला जेवढा वेळ बसू देतात तेवढाच वेळ बसू दिलं होतं. त्यांनी ऐकलं काय, तर लांबलचक ‘होय, होय’, आणि मग आपल्या भाऊंचा एकट्याचा ‘नाही’. लगेच शिपाई आला, ‘‘चला, उठा, पुढची तुकडी.’’ मंडळ खाली आलं, तंबाखू परत घेतली आणि बस पकडून चाळीत पोचलं. विधेयक त्यानंतर मतास आलं. ते बघायला भजनी मंडळ नव्हतं.

मंडळाचा म्होरक्या कोंडीराम, साताऱ्याकडचा, भाऊंचा साचाखात्यातला जोडीदार. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. भाऊ घरी यायच्या आत चाळीच्या तोंडावर नारळ घेऊन उभा. ‘‘आरं, म्या सोता या कानांनी ऐकलं! समदे होय होय करत्यात मेंढरावानी, आन् आपला दौलत्या म्हनतोय न्हाई! वाघ हाय वाघ!’’ हार घातला गेला. भाऊंना वाटलं, आता गर्दी आहे, उद्या सांगू. उद्या वाटलं, एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं. मग तिकीट गेलं, जागावाटपात ती जागा मित्रपक्षाला सुटली म्हणून गेलं, आणि लोक येऊन पाठीवर हात ठेवायला लागले. पडलेल्या माणसाला पाठीवरचा हात झटकता येतो का?

‘‘काका?’’ अनुजाने विचारलं. ‘‘पाणी हवंय का?’’

‘‘नको,’’ भाऊ म्हणाले. ते आयुष्यात इतक्या हळू कधी बोलले नसतील. अनुजाला ते ऐकूच गेलं नाही, तिने पाणी आणलं.

तिथून निघून भाऊ आणि मालन ठाकूरद्वारच्या बस स्टॉपवर उभी राहिली. मालनच्या हातात फाइलींची पिशवी. भाऊंनी ती दोनदा मागितली, तिने दिली नाही. बस येत नव्हती.

‘‘मालन,’’ भाऊ म्हणाले, ‘‘ता नाय मी कायद्याक म्हटलंय नाय.’’

‘‘मगे?’’

‘‘आता बाय बोलली मां, ती दुरुस्ती. वर्सान जामीन मेळूचो. तेका म्हटलंय.’’

मालन रस्त्याकडे बघत होती. एक टॅक्सी थांबली, ती नको म्हणाली. टॅक्सी गेली.

‘‘तुमका ठावक होता, ता काय आसा ता?’’

‘‘वाचूकच नाय. हात हललो, मी बोललंय.’’

‘‘आनी कायद्याक?’’

‘‘होय म्हटलंय.’’

ती ओरडेल असं भाऊंना वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याची त्यांना सवय होती. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसून शेवटी ‘पुढची तारीख’ ऐकलं की व्हायचा, तसा झाला होता.

‘‘आयतवारी येवचा,’’ ती म्हणाली. ‘‘नि लोक म्हणतत तांच सांगूचा.’’

‘‘खोटां सांगू?’’

‘‘इतकी वर्सां चलला मां? अजून एक दिस चलांदे. माझ्या झिलाक माणसा होयी, भावोजी. खऱ्यान माणसा जमणत नाय. तो भायर येवंदे, मगे तुमी काय तां खरां बोला. गच्चीर चढान बोला.’’

बस आली. मालन पुढच्या बायकांच्या सीटवर बसली आणि डिलाईल रोडपर्यंत वळून बघितलं नाही.

रविवारी रमाबाईंनी पांढरा शर्ट इस्त्री करून दिला. बटणं लावताना विचारलं, ‘‘काय बोलतलास?’’

‘‘मालन सांगता तां.’’

‘‘बरां,’’ रमाबाई म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, ‘‘जड जातला. पण बोला.’’

सभा वाडीतल्या हॉलमध्ये होती. आदल्या दिवशी तिथे लग्न झालं होतं. स्टेजवरच्या भिंतीला थर्माकोलची अक्षरं तशीच होती, ‘ऋग्वेदा वेड्स ध्रुव’. त्या दोघांच्या नावाखाली जामीन न मिळालेल्या पोरांच्या आया खुर्च्यांवर बसल्या होत्या. निम्मा हॉल रिकामा. कोंडीराम भजनी मंडळाला घेऊन आला होता म्हणून निम्मा तरी भरला. एका न्यूज पोर्टलची मुलगी मोबाइल स्टँडवर लावून बसली होती आणि वारंवार घड्याळ बघत होती.

अनुजा चांगलं बोलली, पण वकिलासारखं. मुलीने मोबाइल बंद करून ठेवला. मग अनुजा म्हणाली, ‘‘आता ज्यांनी त्या वेळी सभागृहात एकट्याने विरोध नोंदवला, ते माजी आमदार...’’ आणि मुलीने मोबाइल परत चालू केला. मालन पहिल्या रांगेत होती. तिने भाऊंकडे एकदाच बघितलं.

भाऊ माइकसमोर उभे राहिले. त्यांना मालनसाठी खोटं बोलायचं होतं, अगदी मनापासून बोलायचं होतं. पण ते वाक्य त्यांनी इतक्या झेंड्यांखाली, इतक्या हारांखाली ऐकलं होतं की आता त्यांना त्याचा कंटाळा आला होता. दमले होते ते. दुसऱ्या कुणाची तरी पिशवी वर्षानुवर्षं खांद्यावर वागवत यावं आणि एक दिवस खांदाच खाली व्हावा, तसं झालं.

‘‘मी नाही म्हटलं होतं,’’ भाऊ म्हणाले. माइकने शिट्टी मारली. ‘‘पण ते कायद्याला नव्हतं. जामिनाची सवलत ठेवा अशी एक दुरुस्ती होती. तिला म्हटलं. कायद्याला मी होय म्हटलं.’’

मालनने डोळे मिटून घेतले.

‘‘खरं सांगतो,’’ भाऊ म्हणाले. ‘‘मी ते वाचलं नव्हतं. आमच्यातल्या कितींनी वाचलं होतं मला माहीत नाही. मी वाचलं नव्हतं.’’

तेव्हा मागून कोंडीराम उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

‘‘भाऊ, कुनाला भ्यायाचं न्हाई! आमी हाय!’’

‘‘कोंड्या, खाली बस. मी खरं सांगतोय.’’

‘‘म्या सोता ऐकलंय या कानांनी! कोन आलं हुतं घरी, सांगा! कुनी दम दिला?’’

‘‘कुणी दम दिला नाही रे!’’ भाऊ ओरडले. साचाखात्यातला आवाज होता तो, माइकची गरज नव्हती. ‘‘मी होय म्हटलं! होय!’’

‘‘बघा, किती दबाव आसंल!’’ कोंडीराम हॉलकडे वळून म्हणाला आणि भजनी मंडळाने टाळ्या सुरू केल्या. आया उठल्या. कुणीतरी ‘दौलतभाऊ, आगे बढो’ म्हणालं. भाऊ जितकं ओरडून खरं सांगत होते तितक्या टाळ्या वाढत होत्या. पोर्टलच्या मुलीने आता घड्याळाकडे बघणं सोडलं होतं. अनुजा कपाळावर हात ठेवून उभी होती. सभागृहाचं कामकाज तिने वाचलेलं होतं, पण आवाजी मतदानात कुणाचं नाव नसतं, त्यामुळे तिला आत्ताच कळत होतं.

जिन्यावर तिने भाऊंना गाठलं. ‘‘काका, याचा कोर्टात काही उपयोग नाही. खरं सांगितलंत त्याचाही नाही आणि लोकांना जे वाटतंय त्याचाही नाही.’’

‘‘माहीत आहे,’’ भाऊ म्हणाले.

‘‘मला आधी सांगायला हवं होतं.’’

‘‘सगळ्यांनाच आधी सांगायला हवं होतं, बाय.’’

संध्याकाळपर्यंत पोर्टलवर मथळा आला, ‘त्या कायद्याला नाही म्हणणाऱ्या माजी आमदारावर दबाव?’ प्रश्नचिन्ह होतं, ते कुणी वाचलं नाही. डिलाईल रोडवर दुसऱ्या दिवशीपासून नवी गोष्ट चालू झाली. म्हणे काळी गाडी आली होती. म्हणे दोन माणसं होती, गॉगलवाली. म्हणे रमाबाईंनी त्यांना चहा दिला नाही. रमाबाई दूध केंद्रावर म्हणाल्या, ‘‘मी कोणाक चा देत नाय असा कधी झालेला नाय,’’ पण तेही कुणी ऐकलं नाही.

मालनची पुढची तारीख आली, तेव्हा कोर्टाच्या बाहेर बरीच माणसं होती. कॅमेरे होते. कोंडीराम टाळ घेऊन आला होता, पोलिसांनी टाळ वाजवू दिले नाहीत. अर्ज वरच्या कोर्टात न्यायचा असं ठरलं, म्हणजे अजून थांबायचं. हितेंद्रला व्हॅनमधून आणलं, मालनला लांबून दिसला, वाळला होता. त्याने हात केला. परत नेलं.

भाऊ भिंतीशी उभे होते. तारखेला येणार असं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, नुसते आले होते. मालन गर्दीतून बाहेर आली, त्यांच्यासमोर थांबली, आणि अचानक हसायला लागली. तोंडावर पदर धरून, आवाज न करता, खूप वेळ. मग हसू संपलं आणि ती भिंतीला टेकली.

‘‘खरां बोललास, तरी माणसा जमली,’’ ती म्हणाली. ‘‘कोणी ऐकूकच नाय तुमचा.’’

‘‘तू ऐकलंस.’’

‘‘मी ऐकलंय.’’ तिने फाइलींची पिशवी त्यांच्या हातात दिली. जड होती. ‘‘पुढल्या तारखेक पण येवचा. त्याच्या पुढल्या पण. बोलूचा नाय काय. ही धरान नुसता उभ्या रवाचा.’’

भाऊंनी पिशवी धरली. तेव्हापासून ते प्रत्येक तारखेला जातात. रस्त्यात लोक पाया पडतात. भाऊ दर वेळी म्हणतात, अरे, मी होय म्हटलं होतं. लोक म्हणतात, कळतंय, भाऊ, कळतंय, आणि डोळा मारतात. हितेंद्र अजून आत आहे.

त्या दिवशी दौलत चिंदरकर यांनी ‘नाही’ म्हटलं ते जामिनाच्या दुरुस्तीला. विधेयक मतास आलं तेव्हा त्यांनी ‘होय’ म्हटलं. दोन्ही वेळा त्यांनी प्रतोदांचा हात बघितला होता. विधेयक वाचलं नव्हतं.